बेडक्याचे रंग

‘अहो, आज शेवाळी पडलाय,’ असं ही मोरीच्या दारातून म्हणाली, तेव्हा काय पडलंय ते मला आधी कळलंच नाही.

ही ब्लाउज शिवते. घरात रिळांचा एक मोठा खोका आहे आणि हिच्या तोंडी रंगांची नावंही त्याच खोक्यातली. पिवळा म्हणणार नाही, हळदी म्हणेल. पांढरट म्हणणार नाही, मोतिया म्हणेल. क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्यापासून मी सकाळी मोरीत जाऊन झाकणाच्या डब्यात खाकरायचो. वरून फिनेल ओतायच्या आधी ही लांबून, तोंडाला पदर लावून, रंग बघून जायची. सुरुवातीला त्यात कुंकवाचा धागा असायचा. मग नुसता हळदी. महिन्याभरात मोतिया. आणि आता सहाव्या आठवड्यात दोन दिवसांत शेवाळी. त्याच संध्याकाळी हुडहुडी भरली. दोन रजया घेऊनही दात वाजत होते. ताप १०३.

मागचं थोडक्यात सांगतो. मी एसटीत वाहक आहे, १९ वर्षं झाली. मिरज, कवठे महांकाळ, जत ह्या पट्ट्यात फिरलो. मुक्कामाच्या गाड्या केल्या, शाळेच्या वेळेच्या केल्या, उभ्यानं सत्तर माणसं कोंबलेल्या जत्रेच्या गाड्याही केल्या. हा आजार हवेतून येतो, तेव्हा कुणाकडून घेतला ह्याचा हिशेब वेबिलावर निघणार नाही. २०२३च्या उन्हाळ्यात खोकला लागला. गावातल्या एका डॉक्टरांनी लिव्होफ्लॉक्सासिन ह्या अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या, पाच दिवस. ताप उतरला, मी कामावर गेलो. पंधरा दिवसांनी परत ताप, परत त्याच गोळ्या, परत बरं. पॅन्ट पट्ट्याशिवाय थांबेना तेव्हा आमचा ड्रायव्हर म्हणाला, ‘मर्दा, तू खोकलास की पॅसेंजर दुसरी गाडी कधी हाय ते विचारत्यात. छातीचा फोटो काढ.’

फोटोत उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात खड्डा दिसला. डॉक्टर त्याला कॅव्हिटी म्हणतात. बेडक्याची सीबीनॅट तपासणी झाली. मशीन दोन तासांत सांगतं की क्षयाचा जंतू आहे का, आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्याच्यावर चालेल का. जंतू होता, औषध चालणार होतं. दुर्बिणीखाली पाहिलं तर ‘३+’, म्हणजे भरपूर. त्याच दिवशी साखरही निघाली, उपाशीपोटी २६०. एका सकाळी दोन आजार पदरात पडले.

वजन ५१ किलो, म्हणून चार औषधं एकत्र असलेल्या लाल गोळ्या रोज चार. लघवी केशरी व्हायची. पहिल्या दिवशी घाबरलो, नंतर तीच खूण झाली की औषध पोटात गेलंय. पोषण आहाराचे महिना ५०० रुपये खात्यावर यायचे. त्यात अंडी आणि शेंगदाणे. चौथ्या आठवड्यात भूक अशी लागली की दुपारची भाकरी सकाळीच संपायची. आईला तिचा मामा आठवायचा. तो वानलेसवाडीच्या क्षयाच्या दवाखान्यात वर्षभर होता, आणि तेव्हा ‘वानलेसवाडीला गेला’ म्हटलं की लोक आवाज खाली करायचे. मी घरीच बरा होतोय ह्याचं तिला फार नवल.

आणि मग शेवाळी.

ताप परत आला तेव्हा माझ्या मनात एकच गोष्ट आली: गोळ्या हरल्या. चुलतभावानं त्यावर शिक्का मारला. ‘ते एमडीआर झालं असणार, म्हणजे मुख्य औषधांना दाद न देणारा क्षय, आमच्या साहेबांच्या मेव्हण्याचं तसंच झालं.’ रात्री मोबाइलवर नको ते वाचलं. दुसऱ्या दिवशी गोळ्या घेतल्यावर उलटी झाली. मी ठरवलं की ज्या गोळ्या लागूच पडत नाहीत त्या घेऊन लिव्हर कशाला जाळायचं. चार दिवस घेतल्या नाहीत. हिला सांगितलं नाही. उलट औषधांच्या डब्यात कधीच्या राहिलेल्या अमॉक्सिसिलिनच्या कॅप्सूल होत्या, त्या घेतल्या. हा मूर्खपणा मी लपवून ठेवणार होतो, पण मग हे लिहायला अर्थ उरत नाही.

पकडलं ते आशाताईंनी. त्या दर आठवड्याला येऊन गोळ्यांची पट्टी बघायच्या. उंबऱ्यातूनच त्यांनी पट्टी उलटी करून मोजली. ‘दादा, ह्या चार दिवसांच्या गोळ्या कुठं गेल्या नाहीत, हितंच हायत.’ मी तोंड खाली घातलं. ही शिलाईच्या मशिनीवरून उठली आणि काही न बोलता माझी फाइल पिशवीत भरायला लागली. तोवर रंग विटकरी झाला होता. हा शब्दही हिचाच.

मिरजेत छातीच्या डॉक्टरमॅडमनी फाइल बाजूला ठेवली आणि आधी फक्त विचारत गेल्या. ताप हळूहळू वाढला की एकदम? थंडी वाजून आला का? रंग किती दिवसांत बदलला? वास येतो का? श्वास घेताना टोचतं का, कुठल्या बाजूला? मी सगळं सांगितलं. रंगाचं हिनं सांगितलं, तारीखवार. मॅडमनी हिच्याकडे जरा वेळ बघितलं आणि लिहून घेतलं.

‘क्षय असा दोन दिवसांत उसळत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘तो महिन्यांच्या हिशेबानं चालतो. हे दुसरं कुणीतरी आलंय.’

हे मला लगेच पटलं, कारण माझ्या भाषेत ते असं होतं: क्षय ही मुक्कामाची गाडी, संध्याकाळी सावकाश येऊन पारावर थांबणारी. ही विनाथांबा होती.

नवीन फोटोत उजवीकडे खालच्या बाजूला पांढरा ढग होता, जो सहा आठवड्यांपूर्वी नव्हता. वरच्या खड्ड्यात तळाशी पाणी साठल्यासारखी आडवी रेघ होती. रक्तातल्या पांढऱ्या पेशी १९,०००. लिव्हरची तपासणी मात्र ठीक निघाली. म्हणजे मी चार दिवस जे वाचवत होतो त्याला काही झालंच नव्हतं.

खड्ड्यात दुसरे जंतू का शिरतात ते मॅडमनी कागदावर काढून दाखवलं. निरोगी श्वासनळीच्या आतून बारीक लव असते. ती कफ आणि धूळ सतत वर ढकलत असते, घशाकडे. क्षयानं जिथं मांस खाल्लं तिथली लव गेली. कफ वर येत नाही, साचतो. साचलेल्या पाण्यात काय होतं ते शेतकऱ्याच्या पोराला सांगायला नको. त्यात वजन घटलेलं, त्यात साखर. साखर असणाऱ्याच्या पांढऱ्या पेशी कामचुकार होतात. घशात, नाकात, आतड्यात गुपचूप राहणारे साधे जंतू अशा वेळी खाली उतरतात.

साखरेचं आणखी एक प्रकरण निघालं. मला साखरेची जी गोळी चालू होती ती घेऊनही आकडा तीनशेच्या पुढं होता. रिफाम्पिसिन लिव्हरला असं कामाला लावतं की साखरेची ती गोळी रक्तात टिकतच नाही, वेळेआधी विरघळून जाते. दोन्ही गोळ्या प्रामाणिकपणे घेणारा माणूस असा मधल्यामधे मार खातो. त्या दिवसापासून इन्सुलिन सुरू झालं. सुई टोचायला ही दोन दिवसांत शिकली. म्हणाली, सुईचं काय ते मला शिकवू नका.

आता बेडक्याकडे येतो.

मला दोन डब्या दिल्या. मी एकीत थुंकलो, दुसरीत थुंकलो, नेऊन दिल्या. तासाभरात एक डबी परत. टेक्निशियन म्हणाला, ‘काका, ही थुंकी आहे. मला बेडका पाहिजे.’ मला वाटलं उगाच अडवतोय, आमच्याकडं सुट्ट्या पैशांवरून अडवतात तसा. पण तो भला माणूस होता, समजावून सांगितलं. नमुना आला की ते आधी दुर्बिणीखाली बघतात. तोंडाच्या आतल्या कातडीच्या पेशी जास्त दिसल्या तर ती लाळ. पू झालेल्या पेशी भरपूर, एका वर्तुळात २५च्या वर, आणि तोंडातल्या पेशी दहाच्या आत असतील तर ते छातीतून आलेलं. लाळ वाढवली तर तोंडातलेच जंतू उगवतात आणि डॉक्टर भलत्याच जंतूवर औषध मारत बसतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यानं सांगितलं तसं केलं. ब्रश नाही, नुसत्या पाण्यानं तीनदा चूळ. खिडकीपाशी उभं राहून तीन खोल श्वास, तिसरा धरून ठेवायचा, आणि मग घशातून नाही तर बेंबीपासून खोकायचं. बराच वेळ गेला. घामाघूम झालो. जे आलं ते चिकट, विटकरी, डबीच्या काठाला तार धरून लोंबणारं. टेक्निशियननं डबी उजेडात धरली आणि म्हणाला, ‘असा पाहिजे.’ माझ्या कुठल्याच गोष्टीचं इतक्या मनापासून कौतुक बऱ्याच दिवसांत कुणी केलं नव्हतं.

दोन डब्या का, हे मी विचारलं आणि त्याचं उत्तर माझ्या डोक्यातून अजून जात नाही. एक डबी क्षयाच्या प्रयोगशाळेत जाते, दुसरी साध्या जंतूंच्या. क्षयाच्या प्रयोगशाळेत बेडका वाढवायच्या आधी त्यावर कॉस्टिक सोड्याचं द्रावण घालतात. क्षयजंतूचं कवच मेणचट असतं, तो त्यातून तगतो. बाकीचे जवळजवळ सगळे मरतात. मारायचेच असतात, कारण क्षयजंतू इतका सावकाश वाढतो की बाकीच्यांनी त्याच्या आधी सगळं खाऊन टाकलं असतं. त्या बाटलीत तो दिसायची वाट ४२ दिवसांपर्यंत बघतात. उलट साध्या प्रयोगशाळेत बशीवर बेडका पसरतात आणि दुसऱ्या दिवशी काय उगवलं ते बघतात. तिथं क्षयजंतू असला तरी एका रात्रीत तो डोळाही उघडत नाही.

म्हणजे एका प्रयोगशाळेला दुसरा जंतू दिसूच शकत नाही आणि दुसरीला पहिला. एकच छाती, एकच बेडका, आणि दोन्ही खात्यांचे रिपोर्ट खरे. मी सहा आठवडे फक्त पहिल्याच खात्याचा रिपोर्ट घेऊन फिरत होतो, आणि मोबाइलवर वाचून त्याच खात्यावर आरोप ठेवला होता. क्षयाचा रुग्ण म्हणून एकदा नाव लागलं की छातीतलं सगळंच क्षयाच्या नावावर चढतं. घरच्यांचं सोडा, मीही तेच केलं.

त्या दिवशी दुर्बिणीखाली क्षयजंतू मात्र दिसले. ‘१+’. हे वाचून माझे पाय गळाले. चुलतभाव खरा ठरला म्हणायचा. मॅडम म्हणाल्या, ‘दुर्बीण मेलेला आणि जिवंत असा फरक करत नाही. रंग दोघांनाही लागतो. तीनचा एक झालाय. बाटलीत उगवतो का ते कळेपर्यंत मी तुमच्या गोळ्या बदलणार नाही.’ सीबीनॅट परत करा असं मी सुचवलं, शहाणपणानं. तेही मेलेल्या जंतूच्या अंशावर बोट ठेवतं, म्हणून उपचार चालू असताना औषध लागू पडतंय का हे बघायला ते कामाचं नाही. चारांतलं दुसरं मुख्य औषध आयसोनियाझिड, त्यानं जंतू दबतो की नाही ही वेगळी तपासणी सुरुवातीलाच गेली होती, तिचाही निकाल चांगला होता.

मला भरती केलं. खिडकीजवळची कोपऱ्यातली खाट, तोंडाला मास्क, शेजारची खाट रिकामी. पहिल्या रात्री पिपरासिलिन आणि टॅझोबॅक्टमचं इंजेक्शन सलाइनमधून सुरू झालं, कारण कोण आलंय हे अजून कळायचं होतं आणि ताप थांबायला तयार नव्हता. क्षयाच्या चार गोळ्याही त्याच सकाळी पुन्हा सुरू. सिस्टर समोर उभ्या राहून गिळायला लावायच्या आणि म्हणायच्या, ‘आ करा.’ ४६ वर्षांच्या माणसानं आ करायचा. केला.

तिसऱ्या दिवशी टेक्निशियननं मोबाइलवर फोटो दाखवला. गुलाबी रंगाच्या बशीवर गुलाबी, ओले, फुगलेले ठिपके, एकमेकांत मिसळलेले. तारेच्या टोकानं एक उचलला होता तर शेंबडासारखी तार आली होती. ‘क्लेबसिएला न्यूमोनिए,’ तो म्हणाला. ‘ह्याच्या अंगावर जाड बुळबुळीत वेष्टण असतं. म्हणून तुमचा बेडका असा चिकट.’ विटकरी रंगाचंही तेच कारण, चिकट कफात रक्त मिसळलेलं. हिला फोटो दाखवला. ती म्हणाली, राणी कलर आहे.

रिपोर्टवर औषधांची यादी होती आणि पुढं एस किंवा आर. एस म्हणजे चालेल, आर म्हणजे जंतू दाद देणार नाही. पहिल्याच ओळीत अँपिसिलिन, आर. क्लेबसिएला जन्मतःच त्याला जुमानत नाही. मी डब्यातल्या ज्या कॅप्सूल घेतल्या होत्या त्या त्याच भाऊबंदकीतल्या. म्हणजे चार दिवस मी बरोबर औषध सोडून चुकीचं औषध खात होतो. सेफ्ट्रिअॅक्सोन, एस. त्याच दुपारी मॅडमनी टॅझोबॅक्टम बंद करून ते लावलं. मला वाटलं भारी औषध काढून हलकं का दिलं. त्या म्हणाल्या, ‘कोण आहे ते माहीत नव्हतं तेव्हा जाळं मोठं टाकलं. आता माहीत आहे.’

यादीत खाली लिव्होफ्लॉक्सासिन, एस. अॅमिकासिन, एस. लिव्होफ्लॉक्सासिन तर गोळी आहे, स्वस्त आहे, घरी जाऊन घेता येईल. मी विचारलं, हे का नको?

मॅडमनी पेनानं त्या दोन्ही नावांभोवती गोल केला. ‘ही दोन्ही क्षयावरही चालतात. उद्या तुमच्या चार गोळ्या खरंच फसल्या तर ह्यांच्यासारखीच औषधं हाताशी लागतात. आज न्यूमोनियासाठी वापरून क्षयजंतूला त्याची ओळख कशाला करून द्यायची?’

मग मी पिशवीतून गावातल्या डॉक्टरांच्या त्या दोन जुन्या चिठ्ठ्या काढल्या. त्यांनी वाचल्या. काही बोलल्या नाहीत, चष्मा काढून टेबलावर ठेवला. दोनदा ताप का उतरला होता आणि दोनदा का परत आला, ते मला तेव्हा कळलं. एकट्या त्या गोळीनं क्षय थोडा दबला होता, मेला नव्हता. क्षय ओळखायला दीड-दोन महिने उशीर झाला आणि तेवढ्यात खड्डा पडत गेला. खड्डा नसता तर क्लेबसिएलाला बसायला जागा मिळाली असती का, हे मी त्यांना विचारलं नाही. गावातल्या डॉक्टरांचा मला राग आहे, आणि अजून तेच आमचे डॉक्टर आहेत. रात्री दोन वाजता दार उघडणारे तेवढेच आहेत.

चौथ्या दिवशी ताप उतरला. फिजिओथेरपीच्या ताईंनी खोकायची रीत शिकवली. माझ्या बेडक्यात रक्त होतं म्हणून पाठीवर थापट्या नाहीत. हळू खोल श्वास, मग तोंड उघडं ठेवून ‘हाः’ असा फुंकर, आरशावर वाफ धरतो तसा. त्यानं कफ पायरी पायरीनं वर सरकतो. दिवसातून तीनदा. वॉर्डातला एक म्हातारा मला ‘हाःहाःवाले’ म्हणायला लागला. दहा दिवस इंजेक्शनं झाली, आठ भरतीत आणि दोन गावातल्या आरोग्य केंद्रात. शेवाळी, हळदी आणि परत मोतिया, उतरताना त्याच पायऱ्या.

बाटलीचा निकाल ४२ दिवसांनी आला: वाढ नाही. दुर्बिणीखाली जे दिसले होते ते मेलेलेच होते. मी चुलतभावाला फोन केला. तो म्हणाला, ‘मी म्हणलंच हुतं, काय होत न्हाई.’

बुडवलेले चार दिवस शेवटी जोडून घ्यावे लागले. हिला आणि लेकीला तपासून प्रतिबंधक गोळ्या दिल्या. सहा महिन्यांनंतरच्या फोटोत ढग गेला, खड्डा आक्रसला, पण तिथल्या नळ्या रुंद होऊन राहिल्यात. त्या पूर्वीसारख्या होणार नाहीत. कफ तिथं साचू शकतो, आणि साचला तर कुणीही येऊन बसू शकतं. आता ताप आला तर मी गोळी मागत नाही, दोन डब्या मागतो.

कामावर रुजू झालो. पहाटे साडेपाचची गाडी असते, म्हणून पावणेपाचला उठून मोरीत ‘हाः हाः’ करतो. ही तोवर चुलीवर पाणी ठेवते, मोरीकडे येत नाही आता, तिथूनच विचारते.

‘कसला?’

‘मोतिया.’